पुस्तकांची पेटी गावात येते : बडोद्याच्या फुकट वाचनालयांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित प्रत. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ वगैरे येतं ते काढलंय. बाकी सगळं तसंच.

सुरुवात माझ्यापासून करतो. नोकरीसाठी नव्या शहरात आलो तेव्हा रूमजवळ एक जुनं वाचनालय दिसलं. शनिवारी उत्साहाने गेलो. काउंटरवर विचारलं, “अनामत किती?” रक्कम परवडणारी होती. मग दुसरा प्रश्न आला, “पत्त्याचा पुरावा? आणि इथल्या जुन्या सभासदाची सही?” माझा भाडेकरार अजून झाला नव्हता, आणि त्या शहरात मी ओळखत होतो फक्त रूममेटला आणि चहावाल्याला. परत आलो. माझं काही अडलं नाही, मोबाइलवर वाचायला ढीगभर आहे. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. वाचनालयाच्या दारातून आत कोण येतं हे सगळे मोजतात. जो दारातूनच परत जातो, त्याला कोण मोजतं?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने अगदी गंभीरपणे घेतला होता. ते संस्थान म्हणजे बडोदा.

थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. लोकांनी पदरमोड करून उभ्या केलेल्या या संस्था आहेत आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पण मॉडेल बहुतेक ठिकाणी एकच होतं : वर्गणी भरा, पुस्तक न्या. म्हणजे ज्याला वाचता येतं, ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि जो शहरात राहतो, तो वाचक. बाकीचे हिशेबातच नाहीत.

आता बडोद्याकडे या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा १२ वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर उशिरा हाती आलं की त्याची किंमत जास्त कळते, असं मला वाटतं. कारण पुढे याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं.

पण इथे एक अडचण आली. मुलगा शाळेत चार बुकं शिकतो, मग शेतावर जातो. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत तो शिकलेलं विसरून जातो. म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात. नुसती शाळा पुरत नाही, शाळेनंतर वाचायला काहीतरी हातात पडलं पाहिजे. वाचनालयांची कल्पना इथून मोठी झाली.

अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन शहरातल्या विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बोर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात राहिले. त्या काळात राज्याचं स्वतंत्र ग्रंथालय खातं उभं राहिलं, ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक निघालं. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. कारण साधं आहे. राजघराणं आणि बरेचसे अधिकारी मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती आणि कारभाराचं नवं ज्ञान इंग्रजीत. एका भाषेत काम केलं असतं तर दोन गट बाहेर राहिले असते.

आता माझा आवडता भाग. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला ते खातं एखाद्या चांगल्या टीमसारखं दिसतं. ‘आपल्याकडे कोण येऊ शकत नाही?’ याची यादी करायची आणि एकेक अडचण सोडवत जायचं.

पैसे नाहीत? वाचनालय फुकट. वर्गणी नाही.

शहर लांब आहे? मग फिरती वाचनालयं. एक लाकडी पेटी, आत साधारण १५ ते ३० पुस्तकं. गावाने मागायची, सरकारने पाठवायची, जाण्या-येण्याचं भाडंही सरकारने द्यायचं. वाचून झालं की पेटी परत, मग दुसरी. नेटवर्क नसलेल्या गावात ऑफलाइन डेटा पोचवण्याची याहून साधी युक्ती मला माहीत नाही.

गावाला स्वतःचं वाचनालय हवं? गावाने जेवढी रक्कम जमवली तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे गावकऱ्यांचा एक रुपया तीन रुपयांचा व्हायचा, आणि स्वतःचे पैसे असल्यामुळे वाचनालय ‘आपलं’ वाटायचं. यामागे मोतीभाई अमीन नावाच्या गुजराती शिक्षकाची मोठी मेहनत होती. सरकारी खातं निघण्याआधीच ते गावोगाव मित्रमंडळ वाचनालयं काढत होते. नंतर खात्याने त्यांनाच सोबत घेतलं. वरून राजाची इच्छा आणि खालून मास्तरची पायपीट असा हा जोड होता. त्यातून शेकडो गावांत वाचनालयं उघडली.

मुलं? त्यांच्यासाठी मध्यवर्ती ग्रंथालयात वेगळा विभाग, चित्रांची पुस्तकं आणि खेळसुद्धा. बायका पुरुषांच्या गर्दीत येऊन बसत नाहीत? त्यांच्यासाठी वेगळी सोय.

आणि ज्यांना वाचताच येत नाही? इथे मी खरंच थांबलो. निरक्षर माणसाला वाचनालयाचं काय काम, असं कोणीही म्हणेल. पण खात्याने त्यासाठी चित्रांवर चालणारी स्वतंत्र शाखा काढली. तिची माणसं मॅजिक लँटर्नच्या स्लाइड आणि चित्रपट घेऊन गावांत जायची. ज्ञान हवं, मग ते अक्षरातून येवो की पडद्यावरून.

हे सगळं ऐकून बडोदा म्हणजे स्वर्ग होता असं वाटेल. नव्हता. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्यात आले, तर गावात त्यांना राहायला कोणी जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तिथलं एकटेपण विसरायला आपण पुस्तकांत बुडून जायचो, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. काही दिवसांनी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी काही तास एका सार्वजनिक बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

एकाच शहरात, एकाच काळात या दोन्ही गोष्टी घडत होत्या. राज्य गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवत होतं आणि राज्याच्याच पैशाने शिकून आलेल्या माणसाला पत्ता मिळत नव्हता. माझी पत्त्याच्या पुराव्याची अडचण यापुढे काहीच नाही, ती कागदाने सुटते. ही सुटणारी नव्हती. सरकार वाचनालयाचं दार उघडू शकतं, समाजाची दारं त्याने आपोआप उघडत नाहीत. पण म्हणून ते एक दार फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. ते बंद असतं तर आणखी एक भिंत असती, एवढंच.

पुढे काय झालं? महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी खास कर होता, आपल्या कायद्यात तसा ठेवला नाही. आपली वाचनालयं मुख्यतः अनुदान आणि वर्गणी यांवर चालतात. अनुदान उशिरा आलं की ग्रंथपालाचा पगार अडतो, नवी पुस्तकं थांबतात, आणि मग ‘हल्ली कोणी वाचत नाही’ असं म्हणायला आपण मोकळे.

बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आजही मांडवी भागात सुरू आहे. तिथे गुजरातीबरोबर मराठी पुस्तकंही आहेत. कधी त्या बाजूला गेलात तर जाऊन या.

आणि या आठवड्यात एक काम करा. तुमच्या जवळच्या वाचनालयात जा आणि फॉर्म मागा. त्यात काय काय विचारलंय ते वाचा. मग तुमच्या सोसायटीचा वॉचमन, मेसच्या काकू, परप्रांतातून आलेला डिलिव्हरीवाला पोरगा यांच्यापैकी कोणाला तो भरता येईल, हे बघा. भरता येत नसेल तर तिथल्या ग्रंथपालांशी जाऊन बोला. भांडू नका, बोला. बऱ्याचदा नियम कोणी केला हे त्यांनाही आठवत नसतं.

मी परवा माझ्या त्या वाचनालयात पुन्हा गेलो होतो. या वेळी भाडेकरार घेऊन. सही अजून बाकी आहे. तुमच्यापैकी कोणी तिथले सभासद असाल तर कळवा!

भेटू पुढच्या भागात.