घरीं बांधलेलें इंजिन

रस्त्यावर नित्य धांवणाऱ्या मोटारीचें इंजिन उतरवून, झिजलेले भाग बदलून, तें आपल्याच घरीं पुनः बांधावें, ही हौस अमेरिकेंत पुष्कळांना असते; आणि ती तडीस नेणारेही तेथें थोडे नाहींत. सामान्य गृहस्थाला हें साधूं लागलें, यामागें मोठा इतिहास आहे.

मोटारीच्या आरंभकाळीं कारागीर एकेक भाग कानशीनें घांसून शेजारच्या भागाशीं जुळवून घेई. एका गाडीचा पिस्टन दुसरीला बसेल याचा भरंवसा नसे. डेट्रॉइट येथील कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँडनें मात्र बंदुकांच्या कारखान्यांत काम केलेलें होतें. कोणताही चाप कोणत्याही बंदुकीस बसला पाहिजे, ही तेथील शिस्त त्यानें मोटारीस लावली. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें रॉयल ऑटोमोबाईल क्लबनें तिची परीक्षा पाहिली. तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या केल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. सर्वांची सरमिसळ केली, त्यांतले ८९ भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागीं विक्रेत्याकडील भाग दिले. नंतर केवळ पान्यांनीं व पेचकसांनीं पुनः तीन गाड्या उभ्या केल्या. कानस लावण्याची सोय ठेवलीच नव्हती. त्या तिन्ही गाड्या प्रत्येकीं ५०० मैल धांवल्या! त्या दिवशीं घरगुती दुरुस्तीचा पाया घातला गेला, असें माझें मत आहे.

त्याच वर्षीं फोर्डची मॉडेल टी बाजारांत आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. तिच्या सिलिंडरांचें हेड वेगळें निघत असे. बोल्ट काढले कीं पिस्टन दृष्टीस पडत, आणि सांचलेली काजळी कोणीही शेतकरी खरवडून काढी. बेअरिंगांचें काम मात्र अवघड होतें. मऊ पांढरा धातु वितळवून ओतावयाचा व हातानें खरवडून बसता करावयाचा, हें कसबी माणसाचेंच काम. १९३२ मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें स्वस्त इंजिन काढलें आणि १९३६ मध्यें त्यांत तयार, पातळ कवचाचीं बेअरिंगें बसवण्यास आरंभ केला. ही शेवटची अडचणही अशी दूर होत गेली. कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या फोर्ड घेऊन, त्यांचीं इंजिनें घरीं बांधून, म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर वेग अजमावूं लागले. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं मिळून एक संघ स्थापिला. १९४८ च्या जानेवारींत 'हॉट रॉड' हें त्यांचें मासिकही निघालें.

पुढें १९५५ सालीं शेव्हरोलेचें लहान व्ही-आठ इंजिन आलें आणि १९६७ मध्यें त्याचाच ३५० घन इंचांचा प्रकार निघाला. घरीं इंजिन बांधणारांचें हें फार आवडतें. त्याची योजना कशी करावी? पुष्कळजण आधीं चकचकीत भाग विकत आणतात. हें उलटें आहे. आधीं मोजावें. सिलिंडर वरच्या टोकाशीं अधिक झिजतो व लंबवर्तुळ होतो. म्हणून वर, मध्यें व खालीं, आडवें-उभें माप घ्यावें. चार इंचांचा बोअर ३० सहस्रांश इंचांनीं वाढविला, तर दट्ट्याची धांव ३·४८ इंच धरून आठ सिलिंडरांचें आकारमान सुमारें ३५५ घन इंच भरतें. (शाळेंत वृत्तचितीचें घनफळ कशासाठीं शिकावयाचें, असें विचारणाऱ्या मुलांस द्यावयास हें उत्तर बरें!) म्हणजे दर सिलिंडरास ४४·४ घन इंच. दट्ट्या वर पोहोंचल्यावर उरणारी पोकळी ५·५ घन इंच असेल, तर दाबाचें प्रमाण नऊ येतें. ती पोकळी अर्ध्या घन इंचानें घटली कीं प्रमाण जवळजवळ दहा होतें, आणि जुन्या लोखंडी हेडांच्या इंजिनांत साध्या पेट्रोलवर ठोके ऐकूं येऊं लागतात. एवढ्याशा फरकानें सगळा खर्च वायां जाऊं शकतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट निवडण्याचा मोहही असाच. चौकांत थांबलेली गाडी मग धडपणें उभी राहत नाहीं, मंद वेगांत ओढ धरीत नाहीं.

बोअर करणें व क्रँकशाफ्ट घांसणें हीं कामें यंत्रशाळेचींच. तेथेंही पिस्टन आधीं नेऊन द्यावेत, म्हणजे ते मोजून तेवढाच बोअर करतां येतो. घरीं उरतें तें धीराचें काम. रिंगेच्या टोकांतील फट बोअरच्या दर इंचास चार सहस्रांश, म्हणजे येथें सुमारें १६ ठेवावी. ती कमी पडली तर तापल्यावर टोकें भिडतात व सिलिंडरची भिंत ओरबाडली जाते. बेअरिंगांत मोकळीक दांड्याच्या दर इंचास एक सहस्रांश असावी.

एवढी अदलाबदलीची सोय झाली, तरी एक भाग अजून जुन्या वळणाचा राहिला आहे. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांच्या टोप्या कारखान्यांत ठोकळ्यास बसवूनच एकत्र बोअर करतात. त्या एकमेकींच्या जागीं चालत नाहींत. म्हणून इंजिन खोलतांना, पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वीं, प्रत्येक टोपीवर तिचा क्रमांक व पुढची बाजू पंचानें उमटवून ठेवावी.