फियाटचा भरवसा : एका नावलौकिकाची तपासणी

गेल्या पावसाळ्यात मांडव्याच्या धक्क्याबाहेर एक नवी कोरी पांढरी गाडी दोन तास उभी होती. रो-रो बोटीतून व्यवस्थित उतरली, रस्त्याच्या कडेला थांबली आणि मग काही केल्या चालू होईना. कंपनी कोणती ते सांगण्याचे कारण नाही. आजची कोणतीही असू शकली असती. मालकांनी मदत क्रमांकावर फोन लावला, माणूस पनवेलहून निघाल्याचे उत्तर मिळाले. तोवर कोणीतरी चोंढीहून एका वयस्क मिस्त्रींना घेऊन आले. त्यांनी बॉनेट उघडले, आतल्या प्लास्टिकच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हिला आधी कॉम्प्युटर लावायला लागेल. फियाट असती ना, तर एव्हाना तुम्ही किहीमला चहा पीत असता."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत टिपून ठेवले. मोटारींच्या विषयातले माझे रीतसर शिक्षण काहीच नाही. जुने सरकारी अहवाल, न्यायालयाचे निकाल, रद्दीत सापडलेल्या मासिकांतल्या जाहिराती आणि मिस्त्री-टॅक्सीवाल्यांच्या गप्पा, एवढीच माझी शिदोरी. पण प्रश्न माझ्या घरचाही होता. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. पावसाळा लागला की गेटवेच्या लाँच बंद होतात, आणि रात्री-अपरात्री काही झाले तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय वीसेक किलोमीटरवर. आमची जुनी गाडी आता काढायची आहे. नवी कोणती घ्यावी यावर घरात रोज चर्चा होते आणि प्रत्येक जण एकेका कंपनीचे नाव घेऊन "तिचा भरवसा आहे" असे सांगतो. म्हणून म्हटले, ज्या नावाचा भरवसा आपल्या लहानपणी सर्वांत मोठा होता, ते नाव आधी तपासून पाहू.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सोलापूरचा हा उद्योगपती जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत उतरला होता. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून 'फियाट ११००' कुर्ल्याहून रस्त्यावर येऊ लागली.

याच सुमारास केंद्र सरकारने एक महत्त्वाचे धोरण ठरवले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे थारा नव्हता. टप्प्याटप्प्याने सगळे भाग इथेच बनवण्याची तयारी असेल त्यानेच धंद्यात राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या मैदानात मुख्यतः तीन नावे उरली : कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची फियाट.

१९६४ मध्ये आलेले '११०० डी' हे मॉडेल म्हणजेच आपण ज्या गाडीला डोळे मिटून फियाट म्हणतो ती गाडी. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरची दांडी स्टिअरिंगला. इटलीने हे मॉडेल १९६६ मध्ये बंद केले. आपल्याकडे तेच सत्तरच्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी' झाले आणि नव्वदचे दशक सरेपर्यंत निघत राहिले. कागदोपत्री फियाट हे नाव गेले तरी लोकांच्या तोंडून ते कधीच गेले नाही.

लौकिक नेमका कशाचा?

आता मूळ प्रश्न. ही गाडी खरोखर इतकी भरवशाची होती का?

समकालीन पुरावा मिस्त्रींच्या आठवणीइतका गोड नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशी मोटारींच्या दर्जाविषयी इतक्या तक्रारी झाल्या, की केंद्र सरकारला त्याची चौकशी करायला खास समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने तिन्ही गाड्यांच्या किमती बांधून दिल्या. त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७१ मध्ये निकाल लागला. किंमत वाढवून हवी म्हणून कारखानदार भांडत होते आणि दर्जा नाही म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत होते, असा तो काळ. जिला आज आपण भरवशाची म्हणतो, तीच गाडी त्या चित्रात होती.

गाडीचे दोषही सर्वांना ठाऊक होते. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा. मग पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली थांबायचे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरायची. आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा सडायचा आणि पायाखालचा रस्ता दिसू लागेपर्यंत काही जण गाडी चालवायचे.

तरीही गाडी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागेपर्यंत मुलाची मुंज ठरायची आणि गाडी यायची त्याच्या लग्नाला, असा विनोद तेव्हा सर्रास चाले. घेतलेली नवी गाडी लगेच विकून नफा कमावू नये म्हणून सरकारने विक्रीवर बंधने घातली होती. जी वस्तू जुनी झाल्यावरही चांगली किंमत देते तिला आपण दर्जेदार समजतो. पण ती किंमत टंचाईची होती. फियाटच्या लौकिकाचा पहिला थर असा टंचाईने घडवला. आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली तेव्हा तो ढासळायला लागला. सकाळी एका किल्लीत चालू होणारी गाडी लोकांनी प्रथमच अनुभवली आणि भरवसा या शब्दाचा अर्थ काही वर्षांत पालटला.

दुसरा थर

पण मग चोंढीचे मिस्त्री खोटे बोलत होते का? तसेही नाही. मारुती आल्यावरही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी सोडली नाही. दिल्ली-कोलकात्यात टॅक्सी म्हणजे अँबेसेडर, मुंबईत मात्र फियाट. टॅक्सीवाला भावनेने गाडी निवडत नाही. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

या कोड्याचे उत्तर मला एका निवृत्त टॅक्सीचालकाने दिले. मूळचे आमच्याच तालुक्यातले, हयात ताडदेव आणि भायखळ्यात गेली. ते म्हणाले, "बंद तर सगळ्याच पडायच्या. पण फियाट जिथे बंद पडायची तिथेच चालू व्हायची." कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकायचा, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग पुसून लावायचे. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड इतक्या सामग्रीत निम्मे आजार बरे होत. उरलेल्यांसाठी नाक्यानाक्यावर मिस्त्री होता. कारखाना कुर्ल्यात, त्यामुळे अस्सल भाग मुंबईत मिळत, जुन्या गाड्यांचे सामान कुर्ल्याच्याच भंगार बाजारात मिळे, आणि काहीच न मिळाले तर लेथवाला भाग कातून देई. तीसेक वर्षे मॉडेल मुळात बदललेच नाही. ज्याला आपण मागासपणा म्हणून हसलो, त्यामुळेच एका पिढीच्या मिस्त्रीचे ज्ञान दुसऱ्या पिढीला जसेच्या तसे उपयोगी पडले.

आमच्या किनाऱ्यावर याचे महत्त्व शहरापेक्षा जास्त. मांडवा, सासवणे, आवास या पट्ट्यात कंपनीचे अधिकृत वर्कशॉप कधीच नव्हते. तरी मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून येणाऱ्या फियाटवाल्याला धास्ती वाटत नसे, कारण वाटेवरच्या प्रत्येक गावी तिच्या नाड्या ओळखणारा कोणीतरी बसलेला असे. लौकिकाचा हा दुसरा थर मिस्त्रींनी घडवला आणि तोच खरा टिकाऊ ठरला. कंपनीच्या जाहिरातीत या माणसांचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही.

नाव विकत घेता येते

ही गोष्ट खुद्द कंपन्यांनाही उमगली नसावी, असे पुढचा इतिहास सांगतो. उदारीकरणानंतर प्रीमियरने आधी फ्रान्सच्या प्यूजोशी हातमिळवणी केली. ती फार टिकली नाही. १९९६ मध्ये फियाटचीच 'युनो' आली तेव्हा जुन्या नावाच्या पुण्याईवर बुकिंगला झुंबड उडाली. पण नाव तेच असले तरी गाडी निराळी होती. तिचे आतडे नाक्यावरच्या मिस्त्रीला ओळखीचे नव्हते आणि कंपनीचे स्वतःचे सेवेचे जाळे त्याची जागा घेण्याइतके विणलेले नव्हते. पुढे टाटांच्या सोबतीने रांजणगावला कारखाना निघाला, तिथली डिझेल इंजिने नावाजली गेली, तरी फियाट नावाची मोटार या बाजारातून अखेर निघून गेली. लौकिकाचे नाव एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण ज्या माणसांनी तो कमावला ती माणसे व्यवहारात कुठेच नव्हती.

इकडे काळ्या-पिवळ्या पद्मिनीही वयोमर्यादेत सापडल्या. २००८ मध्ये पंचवीस वर्षांची आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा आली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ती बंद पडून थांबली नाही, नियमाने थांबवली गेली. टॅक्सीवाल्यांना याचे समाधान आहे.

मग आज कोणाचा भरवसा?

आजच्या गाड्या फियाटपेक्षा कितीतरी कमी बंद पडतात, यात शंका नाही. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी मी हा लेख लिहिलेला नाही. पत्रा, ब्रेक, सुरक्षितता या प्रत्येक बाबतीत आजची साधी गाडी सरस आहे. गिऱ्हाइकाला कायद्याचा आधारही मिळाला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला दिला. साठच्या दशकातल्या फियाटवाल्याला असले काही ठाऊक नव्हते.

पण नावावर विसंबणे आजही धोक्याचेच. टिकाऊपणासाठी जगात ज्या टोयोटाचे उदाहरण दिले जाते, तिला २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्या अध्यक्षांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागावी लागली. कंपनी त्यातून सावरली. तरी धडा उरतोच : नाव कालच्या गाड्यांनी कमावलेले असते आणि आपण विकत घेतो ती आजची गाडी.

म्हणून घरच्या चर्चेत मी आता कंपनीचे नाव विचारत नाही. ही गाडी रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, चोंढीच्या अलीकडे थांबली तर तिला हात लावणारा जवळात जवळ माणूस किती अंतरावर आहे, एवढेच विचारतो. या प्रश्नाने आमच्या यादीतली दोन मोठी नावे खोडली गेली.

परवा उरलेली यादी घेऊन चोंढीला त्या मिस्त्रींकडे गेलो होतो. ते बाकावर बसून होते. गाडीखाली त्यांचा पुतण्या होता आणि टूलबॉक्सवर एक स्कॅनर ठेवलेला होता. पुतण्याने तो कर्ज काढून घेतला आहे. "यातल्या तीन उघडतो हा," मिस्त्री म्हणाले. "चौथीचं अजून शिकतोय."

आम्ही त्या तिनांतली एक घेणार आहोत.