आपल्या घराण्याचा माग

आजोबांचे नाव कुणीही सांगतो. पणजोबांचे विचारले की माणूस जरा थांबतो. आणि पणजीचे विचारले, की घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. घराण्याचा माग काढावयाचा तो इथपासूनच.

जुन्नर-आंबेगावच्या लोकांना हा विषय नवा वाटू नये. आपल्या नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी आपल्या कुळातील माणसांचे पुतळे कोरविले आणि त्यांच्यावर नावे लिहविली. पुतळे नष्ट झाले, नावे मात्र विद्वानांनी वाचून ठेवली. त्यांत सिमुक सातवाहन आहे, राजा सातकर्णी आहे, कुमार आहेत. आणि राजाच्या जोडीला देवी नागनिका आहे. एक महारठीही आहे. तो राणीचा पिता असावा असे मानतात. तसे असेल, तर या मुलखातल्या सर्वांत जुन्या कुलपटात सासर आणि माहेर दोन्ही आली.

मराठेशाहीतील वंशावळी याहून निराळ्या. त्यांतल्या पुष्कळशा भांडणातून जन्मल्या. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांच्या वतनावरून भाऊबंदकी पेटली म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहीत. त्यात मूळ पुरुषापासून पिढ्या मांडीत. पुढे इंग्रजी अमलात 1852 च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली, तेव्हाही लोकांनी कैफियती आणि वंशावळी दाखल केल्या. अशा कागदांचा मोठा साठा पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तेथे आहे. 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानेही खूप कागद जमविले.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. दाव्यातली वंशावळ म्हणजे एका पक्षाचे म्हणणे. ती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्यावाचून खरी धरू नये. आणि तीत कोण येई? ज्याचा हक्क पुढे येई, तो. लेकीला वतनात वाटा नसे, म्हणून ती गळाली. ज्याच्याजवळ वतनच नव्हते, त्याच्या पिढ्या मांडण्याचे कुणाला कारणच पडले नाही. वंशावळ नाही म्हणून घराणे नव्हते, असे थोडेच आहे?

अशांनी मग बघावे कुठे? तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या असतात; त्यांनाच कोतवाल बुक म्हणतात. वतनदार असो की मजूर, मेलेल्याची नोंद तीत होई. जमिनीच्या फेरफारात वारसांची नावे सापडतात. शाळेच्या दाखल्याच्या रजिस्टरात बापाचे नाव, गाव आणि जन्मतारीख मिळते. आजोबा-पणजोबा त्र्यंबकेश्वरी वा नाशिकला गेले असतील, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाववार नावे मिळतात.

जुने कागद मोडीत असतात; पण मोडी शिकणे काही डोंगर चढण्याइतके अवघड नाही. दोन शब्द आधी ओळखा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. बायकांची नावे या ‘कोम’च्या आधी सापडतात. शक असेल तर त्यात 78 मिळवा. वर्षाच्या शेवटचे महिने असले तर 79. आपल्या शिवनेरीचेच उदाहरण घ्या. शिवरायांचा जन्म शके 1551 च्या फाल्गुनातला. म्हणून सन 1629 नव्हे, 1630 येतो. आणखी एक चकवा आहे. आपल्याकडे नातवाला आजाचे नाव ठेवतात. एकच नाव दोनदा दिसले तर माणूस एकच, असे समजू नका. वर्षे मोजा, मग ठरवा.

या कागदांची किंमत आज पुन्हा कळू लागली आहे. 2023 साली राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे सुटली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक आले. पण कागद वाचवितात तेवढेच वाचते. घोडनदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते जुने गावच पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. घरे उठली, माणसे पांगली. कुणाचा वाडा कुठे होता, कुठल्या आळीत कोण राहात होते, हे आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरले आहे, आणि ती माणसे दर साली कमी होत आहेत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. यंदा मुलांना घरचा अभ्यास द्या. प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे. तिचे नाव, तिच्या आईचे नाव, माहेरचे गाव आणि लग्न होऊन ती कुठे आली, हे वहीत लिहून घ्यावे. सांगणारीचे नाव आणि तारीख खाली घालावी. कचेरीतला कागद उद्या, परवाही मिळेल. आजीला मात्र आजच विचारले पाहिजे.