सर्वांत लहान, सर्वांत शेवटी : महासाथ आणि पुण्यातील शाळा

पाठ्यपुस्तके तयार करणारी 'बालभारती', दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे राज्य मंडळ, शिक्षण आयुक्तालय आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद या चारही संस्थांची मुख्यालये पुण्यात आहेत. राज्यातील शालेय शिक्षणाचा कारभार ज्या शहरातून चालतो, त्याच शहरात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले करोनाबाधित रुग्ण आढळले. त्यानंतर आठवड्याच्या आत शहरातील वर्ग ओस पडले. पुढील दोन वर्षांत शिक्षणाविषयी जी चर्चा झाली, ती प्रामुख्याने परीक्षा, निकाल आणि प्रवेश यांभोवती फिरत राहिली. मात्र ज्यांना कोणतीच परीक्षा द्यायची नव्हती, अशा सर्वांत लहान मुलांचे नुकसान सर्वाधिक खोलवर झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेल्या मुलाने आपल्या शाळेचा वर्ग प्रथम पाहिला तो दुसरीत असताना, डिसेंबर २०२१ मध्ये.

साथींचे जुने शहर

साथ आणि शाळा यांचा संबंध पुण्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने शहर उजाड केले. भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे निधन १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना झाले.

अलीकडचा अनुभव २००९ मधील स्वाइन फ्लूचा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी या आजाराची जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात गेला आणि तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, तोंडाला मास्क बांधलेली मुले रस्त्यांवर दिसू लागली आणि ऑगस्टमध्ये शाळा-महाविद्यालये बंद ठेवण्यात आली. मात्र ती बंदी अल्पकाळाची होती. बुडालेले तास सुट्टीच्या दिवशी शाळा भरवून भरून काढता येण्यासारखे होते. त्यामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक पालकांच्या मनात हाच अनुभव ताजा होता. काही आठवड्यांचा प्रश्न आहे, असे त्यांनी गृहीत धरले होते.

जगभर कुलूप

युनेस्कोच्या नोंदींनुसार एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतील शिक्षणसंस्था बंद होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांना, म्हणजे जगातील दहापैकी नऊहून अधिक विद्यार्थ्यांना, या बंदीची झळ पोहोचली. इतक्या मोठ्या प्रमाणावर शिक्षण थांबण्याची नोंद यापूर्वी नाही.

शाळा पुन्हा उघडताना मात्र देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्वीडनने प्राथमिक शाळा बंदच केल्या नाहीत. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून शाळा उघडल्या आणि त्या सर्वांत लहान मुलांसाठी आधी उघडल्या. लहान मुलांना गंभीर आजाराचा धोका कमी दिसत होता. शिवाय त्यांना घरून शिकविणे कठीण आणि ती घरी असताना पालकांना कामावर जाणेही कठीण, असा त्यामागील विचार होता. दुसऱ्या टोकाला युगांडा होता. तेथील शाळा जवळपास दोन वर्षांनी, १० जानेवारी २०२२ रोजी पूर्णपणे सुरू झाल्या. भारताचे स्थान या दुसऱ्या टोकाजवळ होते.

पडद्यावरची शाळा

राज्यात २०२०-२१ चे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये वर्गांविना सुरू झाले. सुरुवातीला शासनाने पहिली-दुसरीसाठी ऑनलाइन वर्गांना परवानगी दिली नव्हती. जुलैमध्ये वेळेची मर्यादा घालून ती देण्यात आली. पहिली-दुसरीसाठी रोज अर्ध्या तासाची दोन सत्रे, तिसरी ते आठवीसाठी पाऊण तासाची दोन आणि नववी ते बारावीसाठी पाऊण तासाची चार सत्रे असे वेळापत्रक ठरले. मुलांच्या डोळ्यांचा विचार करता ही मर्यादा योग्यच होती. परंतु अक्षरओळख, हातात पेन्सिल धरणे, शब्द जोडून वाचणे या गोष्टी शिक्षकाने शेजारी बसून शिकवायच्या असतात. तासाभराच्या पडद्यावर ते होणे अवघड होते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी दूरदर्शनचा आधार घेण्यात आला. पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमावर आधारित 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला 'दीक्षा' अॅपच्या आधारे पालकांच्या मोबाइलवर पोहोचविली. जुलै २०२१ मध्ये आधीच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही राबविण्यात आला. अनेक शिक्षकांनी वस्त्यांमध्ये जाऊन स्वाध्यायपत्रिका वाटल्या.

मात्र फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर होते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. तरीही अशा घरांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. ही पाहणी ग्रामीण भागाची असली, तरी एकच फोन घेऊन वडील कामावर जातात आणि मुलाचा वर्ग सकाळीच असतो, ही अडचण शहरातील वस्त्यांनाही अपरिचित नव्हती.

परीक्षांचे गणित

मोठ्या इयत्तांचा प्रश्न वेगळा होता आणि त्याची दखल तातडीने घेतली गेली. मार्च २०२० मधील दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. २०२१ मध्ये दहावीची संपूर्ण परीक्षाच रद्द करावी लागली. नववीच्या निकालासाठी ५०, दहावीच्या लेखी मूल्यमापनासाठी ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनासाठी २० असे गुणांचे सूत्र ठरले. निकाल ९९.९५ टक्के लागला. बारावीचा निकालही दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांवरून लावण्यात आला आणि तो ९९.६३ टक्के होता. अकरावी प्रवेशासाठी जाहीर झालेली सामाईक परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरविली. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा प्रत्यक्ष झाल्या, तेव्हा अभ्यासक्रम एक चतुर्थांशाने कमी करण्यात आला होता आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून देण्यात आला होता.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात राहणाऱ्या तरुणांचा संयम मार्च २०२१ मध्ये सुटला. एप्रिल २०२० मध्ये नियोजित असलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा वारंवार पुढे ढकलण्यात आली होती. १४ मार्च २०२१ ही तारीखही तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर शेकडो विद्यार्थी उतरले. अखेर ही परीक्षा २१ मार्च रोजी झाली. मोठी मुले रस्त्यावर उतरू शकत होती, न्यायालयात जाऊ शकत होती. सहा वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीच शक्य नव्हते.

उघडण्याचा क्रम

पुण्यात शाळा उघडण्याचा क्रम वरून खाली असा राहिला. नववी ते बारावीचे वर्ग ४ जानेवारी २०२१ रोजी, तर पाचवी ते आठवीचे फेब्रुवारीच्या प्रारंभी सुरू झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस रुग्णसंख्या वाढल्याने सारे पुन्हा बंद झाले. दुसरी लाट ओसरल्यावर ४ ऑक्टोबर २०२१ पासून आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. पहिली ते सातवीची पाळी डिसेंबरच्या मध्यावर आली. जेमतेम तीन आठवडे होताच ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२ मध्ये लहान मुलांचे वर्ग पुन्हा थांबले आणि फेब्रुवारीत अर्ध्या वेळेने सुरू झाले.

या क्रमाला कारणे होती. मोठ्या मुलांपुढे मंडळाच्या परीक्षा होत्या, त्यांना अंतराचे नियम समजावून सांगता येत होते आणि ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मुलांना लसही मिळू लागली होती. लहानांसाठी लस नव्हती आणि घरातील आजी-आजोबांना संसर्ग होईल ही पालकांची भीती खरी होती. त्यामुळे पहिली ते चौथीचे वर्ग सलग सुमारे २१ महिने बंद राहिले.

वाचनाची मोजणी

या काळात पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना पुढील वर्गात पाठविण्यात आले. जून २०२० मधील पहिलीचा वर्ग जून २०२२ मध्ये तिसरीत दाखल झाला. त्याच वर्षी 'असर'ने ग्रामीण भारतात पाहणी केली. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०.५ टक्क्यांवर आले होते. पाचवीच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले होते. सरकारी शाळांत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांपर्यंत वाढले होते.

जागतिक बँक आणि सहयोगी संस्थांनी जून २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून न समजणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांचे प्रमाण ५७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले होते.

नंतरच्या पाहणीत सुधारणा दिसली. २०२४ च्या 'असर'मध्ये तिसरीचे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आले. परंतु हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले जून २०२२ मध्ये, शाळा नियमित सुरू झाल्यावर, पहिलीत आली होती. म्हणजे सुधारणा नव्या मुलांची आहे. आधीच्या मुलांचे राहून गेलेले वाचन त्यामुळे भरून निघाले असे होत नाही.

वर्गापलीकडचे नुकसान

शाळा म्हणजे केवळ धडे नव्हेत. शालेय पोषण आहाराऐवजी या काळात तांदूळ आणि कडधान्याचा कोरडा शिधा देण्यात आला. तो घरातील सर्वांसाठी शिजला आणि मुलाच्या ताटातील हक्काचा घास वाटला गेला. रोजगार गमावलेल्या पालकांना शुल्काचा भार पेलेना, तेव्हा राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये खासगी शाळांच्या शुल्कात १५ टक्के कपातीचा आदेश काढला. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय जून २०२१ मध्ये झाला. मुलींच्या बाबतीत धोका आणखी वेगळा होता. शाळाबंदी आणि आर्थिक ओढग्रस्तीमुळे दशकभरात जगात आणखी एक कोटी मुलींचे बालविवाह होऊ शकतात, असा इशारा युनिसेफने मार्च २०२१ मध्ये दिला होता.

पुढील हिशेब

केंद्राने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. महासाथीच्या काळातील पहिलीची मुले मात्र अभियान रुजण्यापूर्वीच तिसरीतून पुढे गेली. दरम्यान, २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद तीत आहे. ही मुले २०२४-२५ मध्ये पाचवीत होती.

हीच मुले २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. तोपर्यंत महासाथ बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली असेल आणि एखाद्याचे कमी गुण त्याच्या आळसाच्या खाती जमा होतील. पाया कच्चा राहिलेले मूल वरच्या वर्गात सहसा गप्प बसते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. अशा मुलांना शोधून त्यांचे वाचन पक्के करून घेण्यासाठी शाळांच्या आणि पालकांच्या हाती अजून काही वर्षे आहेत.