पुंजण्यातली बुरशी, छातीतली पोकळी

गोंदियात जमलो आहोत, तर सुरुवात धानापासूनच करू. कापणी झाली, अवकाळी पाऊस आला, पुंजणे भिजले. चार दिवसांनी आत हात घातला की ऊब लागते, कुबट वास येतो. मळणीच्या वेळी जी हिरवट-करडी धूळ उडते, तिच्यात बुरशीचे बीजाणू असतात. ते इतके बारीक, की श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांचा निकाल लावतं. आज आपण बोलणार आहोत ते ज्यांची छाती आधीच दुखावली आहे, त्यांच्याविषयी.

या बुरशीला नाव दिलं फ्लॉरेन्सच्या मिकेली या धर्मगुरूने, १७२९ साली. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडतात त्या कुंच्यासारखी ती दिसली, म्हणून ॲस्परजिलस. पुढे १८४२ मध्ये एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांना क्षयाने पोखरलेल्या फुफ्फुसात बुरशी वाढलेली आढळली. आता गंमत बघा. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला १८८२ मध्ये. म्हणजे क्षयरोग्याच्या छातीतली बुरशी जंतूच्या ४० वर्षं आधी दिसली होती!

१८९० मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका वेगळ्याच मजुरांचा आजार नोंदवला. हे लोक तोंडात दाणे धरून कबुतरांना भरवायचे. खोकला, थुंकीतून रक्त, अंग खंगणं, सगळं क्षयासारखं. पण थुंकीत क्षयाचा जंतू नव्हता, बुरशी होती. दाण्यातून आलेली.

मग हे मागे का पडलं? क्षयाचं संकटच एवढं मोठं होतं, की प्रत्येक जुना खोकला त्याच्याच खात्यावर लिहिला गेला. नंतर औषधं आली, जंतू मरू लागला. पण फुफ्फुसात पडलेली पोकळी बुजतेच असं नाही, आणि रिकाम्या घरात बुरशी बिऱ्हाड करते. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये अशी पोकळी राहिलेले ५४४ रुग्ण तपासले, तेव्हा साधारण चौघांत एकाच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली.

आपल्या जिल्ह्यात राइस मिलची धूळ आहे, बिडी आहे, चुलीचा धूर आहे आणि टीबीही आहे. बरा झालेला माणूस वर्षा-दोन वर्षांनी रक्त खोकतो. घरचे म्हणतात, 'टीबी उलटला.' कधी खरंच तसं असतं. पण कधी ती बुरशी असते, आणि टीबीच्या गोळ्या बुरशीवर चालत नाहीत. माणूस कोर्सवर कोर्स घेतो आणि खंगत जातो.

म्हणून इतिहासातून एवढंच घरी न्यायचं. औषध मनानं बंद करायचं नाही. पण थुंकीत जंतू नाही आणि रक्त तर पडतंच आहे, असं झालं तर डॉक्टरांना विचारायचं: 'साहेब, बुरशीची तपासणी केली का?' पॅरिसच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये हेच तर पाहिलं होतं.