आवळा आणि सुई

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत एका याडीनं, बंजारा आईनं, मला विचारलं, ‘भाऊ, पोराची इन्सुलिनची सुई थांबवून आवळा दिला तर?’ ‘आवळा द्या ताई, पण सुई सोडू नका,’ मी म्हणालो. मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण यामागचा इतिहास वाचलेला होता. पूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, तरी ती फार जगत नसत. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं. तो आणखी १३ वर्षं जगला. ‘ई’ जीवनसत्त्वाचा शोधही त्याच वर्षीचा. वाढत्या साखरेनं पेशींना जणू गंज चढतो. तो ‘ई’ आणि आवळ्यातलं ‘क’ अडवतात, म्हणून आशा वाटली. मुलांवरच्या चाचण्यांत मात्र साखर आवरल्याची खात्री मिळाली नाही. उलट ‘क’च्या गोळ्या फार झाल्या, तर काही ग्लुकोमीटर साखरेचा आकडाच चुकीचा दाखवतात.