गोंडराजांच्या समाध्या, चंद्रपूर

चंद्रपूर शहरात, अंचलेश्वर मंदिराला लागून, झरपट नदीकाठी असलेले गोंड राजघराण्याचे दफनस्थान. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडील संरक्षित स्मारक. गोंडांत मृतांना पुरण्याची चाल जुनी. राजे हिंदू देवळे बांधू लागले तरी दफनाची चाल टिकली, म्हणून येथे छत्र्यांऐवजी समाध्या आहेत. बल्लारपूर येथेही गोंडकालीन समाधी आहे. भामरागडकडील माडिया गोंडांत मृताच्या नावाने उभी शिळा रोवण्याची चाल आहे. तिचा येथील बांधणीशी संबंध नाही.

इतिहास : शहराची स्थापना बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशाह याच्याशी जोडली जाते. अंगावरच्या फोडांनी जेरीस आलेला राजा झरपटीतल्या एका खड्ड्यातील पाण्याने बरा झाला आणि तेथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, अशी कथा आहे. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या रिंगणावर शहराचा परकोट आखला, ही दुसरी. इतिहास म्हणून दोन्हींचे मोल बेताचेच, पण राजघराण्याने दफनासाठी हीच जागा का निवडली याचे उत्तर पहिलीत मिळते.

येथील मुख्य वास्तू बीरशाहाची (राज्यकाल सामान्यतः १६९६–१७०४). देवगडच्या दुर्गशाहाने बीरशाहाच्या मुलीचा अपमान केला. बीरशाहाने महाकालीला नवस बोलून त्याच्यावर स्वारी केली आणि त्याचे शिर देवीला वाहिले, अशी परंपरा सांगते. पुढे दुसऱ्या लग्नाच्या वरातीत हिरामण नावाच्या रजपुताने बीरशाहाला ठार केले. हिरामणाच्या तलवारीत दैवी शक्ती असल्याचा बोलबाला होता आणि ती दाखव म्हणून राजा वारंवार त्याच्या मागे लागला होता, असे म्हणतात. राजाला मुलगा नव्हता. राणी हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतील रामशाहाला दत्तक घेतले आणि त्याच्या वतीने १७१९ पर्यंत कारभार पाहिला. आजचे महाकालीचे देऊळ, अंचलेश्वराची पुनर्बांधणी आणि पतीची समाधी ही तिची कामे. राणीने राजासाठी बांधलेली वास्तू म्हणून ताजमहालाशी तुलना करण्याची स्थानिक हौस आहे. हिराईचे मोठेपण एका घुमटापेक्षा पंधरा वर्षांच्या राज्यकारभारात अधिक आहे. तिची समाधीही याच आवारात दाखवतात. १७५१ मध्ये गोंड राजा नीलकंठशाहाला पदच्युत करून रघूजी भोसल्यांनी चांदा (चंद्रपूर) घेतले. राज्यच गेल्यावर समाध्यांना राजाश्रय उरला नाही.

वास्तू : बीरशाहाची समाधी दगडी, घुमटाची असून कमानींवर मोगल वळणाची छाप आहे. बाकीच्या समाध्या लहान आहेत आणि त्या कोणाकोणाच्या हे बव्हंशी परंपरेने सांगितले जाते. पाहुणा मोठी समाधी पाहून परततो. अभ्यासकाने लहान समाध्यांपाशी थांबावे.

जतन : १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षण, २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतालच्या १०० मीटरांत नव्या बांधकामास मनाई, त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. मंदिर, वस्ती आणि नदी एकमेकांना चिकटून असल्याने हे अंतर रोजच्या वादाचा विषय ठरते. वास्तूचा खरा शत्रू पिंपळ. पक्ष्यांनी टाकलेले बी दगडांच्या सांध्यात रुजते आणि मूळ जाडजूड झाले की सांधा उघडतो. नुसती छाटणी केली तर पुढच्या पावसाळ्यात फुटवा दुप्पट येतो. मूळ काढून सांधा चुन्यानेच भरावा लागतो, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते. झरपटीत सांडपाणी आणि जलपर्णी असल्याने आवाराची नदीकडील बाजू उपेक्षित वाटते. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी सुमारे ११ किमी लांबीच्या परकोटाची सफाई सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. ती मोहीम परकोट-बुरुजांची होती. त्यातून शहराचे लक्ष गोंडकालीन वास्तूंकडे वळले. गोंड समाज मात्र समाध्यांवर हळद-फूल वाहतो, आणि मोहिमांपेक्षा ही ये-जा जुनी आहे.